उजव्या दारावरचा हात

खरं वाटलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या. पण एर्मिनियाने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातात पानोचाचं, म्हणजे उपासाच्या दिवसांतल्या गोड खिरीचं, भांडं होतं, आणि हातात अन्न असताना ती खोटं बोलत नाही.

गाव एस्पान्योला, न्यू मेक्सिकोतलं आमचं. गुड फ्रायडेचा दिवस. आणि वेळ रात्रीची नव्हती...

दुपारचे तीन वाजत आले होते. लख्ख ऊन होतं.

एर्मिनिया माझी शेजारीण. तिचा नवरा तोरिबियो जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे दोनच गोष्टी राहिल्या. त्याची ती जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, जांभळी, लांबलचक गाडी. आणि एर्मिनियाच्या हातांची थरथर. तो गेला त्या आठवड्यात ती सुरू झाली, ती थांबेचना. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

गाडीच्या कागदांवर धाकट्या दिराचंही नाव होतं. लिआंद्रोचं.

"वहिनी, तुला कप धरता येत नाही. स्टिअरिंग काय धरणार?"

"कप तोंडाशी न्यावा लागतो. स्टिअरिंग नाही."

"बरं. ईस्टरच्या गाड्यांच्या मिरवणुकीत अख्खा रस्ता चालवून दाखव. नाही जमलं तर किल्ली माझी."

"आणि जमलं तर?"

"कागदावरून माझं नाव काढतो."

"लिहून दे."

त्याने तोर्तिया पोळ्यांच्या रिकाम्या पिशवीवर लिहून दिलं. तिने ती फ्रिजवर लावली.

आता, आमच्याकडे मुकी गाडी मिरवणुकीत नेणं म्हणजे वाजंत्र्यांशिवाय वरात. मागच्या सीटमागचा कंपनीचा वूफर फाटला होता. कंपनीचा ॲम्प्लिफायर तर सर्दी झाल्यासारखा गायचा. तोरिबियोने नवे दोन्ही आणून ठेवले होते. खोकी तशीच बंद होती. त्याचा एकच नियम होता... पुढचा रेडिओ कंपनीचाच ठेवायचा, ताकद डिकीत दडवायची.

एर्मिनियाने खोकी फोडली. नेमकी गुड फ्रायडेला.

लिआंद्रो कुंपणावरून ओरडला, "अगं, आज कुणी खिळा ठोकत नाही! घरात रेडिओ लावत नाहीत आज!"

"खिळा कुठे ठोकतेय? स्क्रू आहेत."

"देवाला फरक कळतो वाटतं?"

"तुझ्यापेक्षा नक्कीच जास्त."

तो छातीवर क्रूस काढून चर्चच्या वाटेला लागला.

वीस वर्षं तिने नवऱ्याला अवजारं देण्याचं काम केलं होतं. सगळं पाठ होतं. आधी बॅटरीची तार सोडवली. मग जाड लाल तार गालिच्याखालून मागे नेली. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडला. स्क्रू अकरा वेळा हातातून पडला.

तिने तो बारा वेळा उचलला.

बॅटरी परत जोडली. शेवटचं काम राहिलं. खडखड शोधायचं.

नवा वूफर बसवला की गाडीतलं जे जे सैल, ते सगळं बोलू लागतं. एकाने पुढे बसून वूफरमधून एकच खोल सूर वाजवत ठेवायचा. दुसऱ्याने बाहेरून पत्र्यावर तळहात दाबत फिरायचं. जिथे दाबल्यावर खडखड थांबेल, तिथे दुखणं. मग दोनदा टकटक करायची. सापडलं.

कायम ती आत असायची आणि तो बाहेर.

त्या दिवशी ती एकटीच होती.

तिने सूर लावला. छाती भरून टाकणारा घुमारा. आणि उजव्या दारातून खडखड सुरू झाली.

ती उतरायला वळली...

खडखड थांबली.

घुमारा चालूच होता. फक्त खडखड थांबली होती. उजव्या बाजूला अंगण रिकामं होतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

आणि मग दारावर...

टक. टक.

एर्मिनिया किंचाळली नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "तोरिबियो, हात काढ."



मग खडखड पुन्हा सुरू झाली.

तिने सूर बंद केला. दार उघडून आतलं पॅनल काढलं, जुन्या घोंगडीचा तुकडा मागे चिकटवला, पॅनल बसवलं. पुन्हा सूर लावला. दार गप्प.

"बघ. जमतं मला," ती म्हणाली. रडली ती नंतर. भांडी घासताना.

रविवारी लिआंद्रो परीक्षकासारखा मागच्या सीटवर बसला. रस्ताभर गाड्या, पोरंबाळं, आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या. एर्मिनियाचे हात स्टिअरिंगवर लटपटत होते. पहिल्याच वळणावर गाडी भरकटता भरकटता राहिली.

"वहिनी, पुरे. दे किल्ली."

तेवढ्यात तिच्या सीटच्या पाठीला...

टक. टक.

"लिआंद्रो, टकटक करू नको."

"मी?" त्याने दोन्ही हात वर केले. दोन्हींत एकेक बुरिटो होता.

मग तिला पाठीवर तळहात जाणवला. दोन खांद्यांच्या मधोमध. गारही नाही, गरमही नाही. नुसता दाबून धरलेला.

आणि तिचे हात थांबले.

दोन वर्षांत पहिल्यांदा. दगडासारखे स्थिर.

"वहिनी... तुझे हात..." लिआंद्रो पुढे झुकला.

तसंच राहू दिलं असतं तर पैज सहज जिंकली असती. कुणाला कळलंही नसतं.

"हात काढ," ती म्हणाली. "थरथरत चालवीन. पण मीच चालवीन."

हात गेला. थरथर परत आली. तिने आवाज वाढवला, दात आवळले, आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. गाडीत कुठेही खडखड नव्हती.

लिआंद्रोने सोमवारी सही केली. तेव्हापासून तो त्या गाडीत बसलेला नाही.

मी बसते. बाजाराला जाताना ती मला घेऊन जाते. मी पुढेच बसते. मागे बसायची माझी हिंमत नाही.

गेल्या आठवड्यात सिग्नलला थांबलो होतो. रेडिओ बंद होता. तिचे हात नेहमीसारखे थरथरत होते. मागची सीट रिकामी.

आणि मला ऐकू आलं...

टक. टक.

एर्मिनियाने आरशात रागाने पाहिलं. मग हळूच माझ्याकडे वळली.

टकटक तिच्या सीटला झाली नव्हती.

माझ्या सीटला झाली होती.

त्याला माझ्यात काय सैल सापडलं, ते मला अजून कळलेलं नाही.