डब्यावर लिहिल्याप्रमाणे

मानसिंगच्या दुकानात मी तो पिवळा पत्र्याचा डबा उचलायला गेले आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणाचा तरी हात त्यावर पडला. वळून बघते, तर... पेटीवाले!

रामनवमीच्या उत्सवात बुवांच्या मागे पेटीवर बसणारे त्यांचे भाचे, शरच्चंद्र. सहा दिवस मी कीर्तनाला जात होते. ऐकत होते बुवांना, आणि बघत होते... रामराया, क्षमा कर.

"काय लिहिलंय हो यावर?" त्यांनी विचारलं.

मी इंग्रजी चार इयत्ता शिकलेली. ऐटीत वाचलं, "विलायती खिरीची पूड. थंड दुधात कालवायची, उकळत्या दुधात ओतायची. झाली खीर!"

"आणि नाही झाली तर?"

"छापलंय ना तसं!"

"छापलेल्यावर फार विश्वास बाई तुमचा!"

"न छापलेल्यावर ठेवू?" मी म्हटलं, आणि माझे कानच तापले.

मानसिंग आतून ओरडला, "ताई, म्या काय चाखली न्हाई. पर सायबलोक लई नेत्यात!"

आठव्या दिवशी देवळामागच्या कडुनिंबाखाली ते हळूच म्हणाले, "दशमीला आई येतेय नसरापुराहून. मामांबरोबर तुमच्याकडे जेवायला. तुम्हाला... बघायला." मी मान वर करीना. "अकरा मुली तिनं पुरणपोळीवर नापास केल्यात. पण जे तिनं कधी खाल्लंच नाही, त्यात खोट कशी काढील?"

"तो डबा?"

"तो डबा!"

किती हसलो आम्ही...

दशमीला मी सोवळ्यात खीर केली. नैवेद्याचं चाखायचं नाही, तेव्हा सगळा भार त्या अक्षरांवर. चमचे मोजले, उकळी मोजली. खीर पिवळीधमक, मऊ झाली. अण्णांनी रामाला नैवेद्य दाखवला. आमचे अण्णा संस्थानच्या कचेरीत कारकून. बुवा आपल्या घरी जेवणार म्हणून सकाळपासून पायांत भिंगरी.

शरच्चंद्रांच्या आईंनी, माईंनी, पहिला घास घेतला. "सुरेख! केशर का गं?"

"नाही... डब्यातलाच रंग आहे."

"डब्यातला? आण बघू. वाच."

मी वाचत गेले आणि शेवटच्या ओळीशी अडखळले. गाळता आली असती. कुणाला कळणार होतं? पण समोर देव, पानावर त्याचा प्रसाद. खोटं कसं वाचू?

"...अंडी घालण्याची गरज नाही."

माईंचा हात थबकला. "म्हणजे एरवी घालतात!"

"माई, यात नाहीत. तेच तर लिहिलंय."

"तू बघितलंस करताना? कुठल्या साहेबानं लिहिलं, आणि तू रामाला जेवू घातलंस?"

अण्णा पांढरेफटक. बुवांनी ताट पुढे सरकवलं. मी शरच्चंद्रांकडे पाहिलं. एकच वाक्य हवं होतं... आई, मीच सुचवलं. ते पानातल्या मिठाकडे बघत होते.

खीर गाईलासुद्धा घातली नाही. अण्णांनी परसात खड्डा करून पुरली आणि देव पुन्हा धुवायला बसले.

तिसऱ्या प्रहरी परसदारी शरच्चंद्र आले.

"सरोज... माझा विश्वास होता. डब्यावर. तुमच्यावरही."

"मग बोलला का नाहीत?"

"आईपुढे... मामांपुढे... मला तुम्हीच हव्या होतात."

होतात. मी दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. पलीकडे पावलं वाजली नाहीत. तेही उभेच होते. मधे फळीएवढं अंतर... अजून एक शब्द आला असता, तर मी कडी काढली असती. रामाशप्पथ काढली असती.

चौकात नसरापूरला जाणाऱ्या मोटारीचा भोंगा वाजला. मग पावलं वाजली.