अडवलेलं नाव

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी गोपालचा फोन आला. "ताई, उद्या आईची घागर भरायची हाय, तू ये. अन् येतानी तुह्यं ते वायफायचं सामान घिऊन येजो. घरातले कंप्युटर एकमेकाले पाहूनच नाई राहिले."

माझं डोकं तिथेच सणकलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. मी रागीट आहे. इथे अकोल्यात, जठारपेठेत माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक माझ्याशी जरा जपूनच बोलतं. पण आई गेल्यावर तिच्या नावानं भरायची ही पहिली घागर होती. नाही कसं म्हणणार?

गोपाल माझा धाकटा भाऊ. भातकुलीला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे, तो आईच्या नावावर. आई, मनकर्णाबाई, माघात गेली. तिला मोतीबिंदू, मोबाईलवरचं काही दिसत नसे. म्हणून मी तिला एक जुना लॅपटॉप दिला होता. जुन्या यंत्रावर विंडोज रखडतं, म्हणून त्यात लिनक्स टाकलं, अक्षरं बोटभर मोठी केली आणि यंत्राला नाव दिलं 'आई'. रोज संध्याकाळी पाच वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. चौथी शिकलेली बाई, पण एकेक अक्षर शोधून टाईपसुद्धा करायला लागली होती.

आणि शेवटचे अकरा दिवस तिचा एकही कॉल आला नाही. मी लावला तर लागेना. गोपालला विचारलं तर म्हणाला, "आई तुह्यावर रागावली हाय. बोलाचं नाई म्हणते." का रागावली ते त्यालाही माहीत नव्हतं म्हणे. मीही तिचीच लेक. म्हटलं, नसेल बोलायचं तर राहू दे. अकोल्याहून भातकुली दोन-अडीच तासांवर आहे, पण मी हट्टानं गेले नाही. गेले ती थेट मातीला. आई माझ्यावर रागावूनच गेली, हा काटा तेव्हापासून घशात अडकला होता.

अखजीला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. ऊन असं की अंगणात कुत्रं दिसत नव्हतं. मधल्या खोलीत पाटावर घागर मांडलेली, वर खरबूज, बाजूला आंबे. त्याच्याच वर, दाराच्या चौकटीवर राउटर. मी घागरीला हात जोडले आणि कामाला बसले.

तीन तऱ्हेची यंत्रं होती. गोपालचा विंडोजचा मोठा कंप्युटर, त्याला प्रिंटर जोडलेला. पुण्याहून आलेल्या गोपालच्या लेकीचा, खुशीचा, ॲपलचा लॅपटॉप. आणि माझा लिनक्सवाला. दुखणं साधं होतं. खुशीचा लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर जोडलेला होता. त्या नेटवर्कवरून इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत. गोपालच्या कंप्युटरनं तर घरचं नेटवर्क बाजारातलं समजून दारं लावून घेतली होती. मी सगळ्यांना एका वायफायवर आणलं, दारं उघडली. अर्ध्या तासात एकाच छपराखालची यंत्रं एकमेकांना ओळखायला लागली.

"खुशे, तुझ्याकडून एक कागद छापून पाहा."

खुशीनं बापाकडे पाहिलं. गोपालनं मान हलवली. प्रिंटरमधून जो कागद निघाला, तो मी सहज उचलला. हक्कसोडपत्र. खाली माझं नाव, सहीची जागा रिकामी.

माझीच मान कापायचा कागद मी माझ्याच हातांनी छापून घेतला होता.

"घागरीसाठी बोलावलं होतंस ना रे?"

"ताई, चिडू नको. आईचीच इच्छा होती. ते तुह्यावर रागावूनच गेली ना."

"तोंड सांभाळून बोल!"

गोपालची बायको चंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. "ताई, पहिले जेवून घ्या... रस थंडा हाय."

जेवते कसली! मी जोडलं ते मीच तोडते म्हणून पुन्हा माझा लॅपटॉप उघडला आणि राउटरच्या आत शिरले. सगळ्यांना ब्लॉक करायचं म्हणून ब्लॉकची यादी उघडली. त्या यादीत आधीच एक नाव होतं.

आई.

शेजारी तारीख होती. मी बोटांवर मोजलं. आई गेली त्याच्या अकरा दिवस आधीची.

"गोपाल, हे कोणी केलं?"

चंदानं पदर तोंडाला लावला. मी इतक्या जोरात ओरडले की खुशी दचकून उभीच राहिली. शेवटी गोपालच बोलला, खाली बघत. "ते मळ्याचा अर्धा हिस्सा तुह्या नावावर करणार होती. तुले सांगितलं असतं तं तू दुसऱ्याच दिवशी वकील घिऊन आली असती. म्हटलं, चार दिवस बंद ठेवतो, समजावून पाहतो... अशी पटकन जाईन, मले काय माहीत!"

"आणि तिला काय सांगितलंस?"

"नेट नाई म्हटलं."

मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मी फक्त त्या नावासमोरचं बटण दाबलं आणि ब्लॉक काढला. काही उपयोग नव्हता, पण ते नाव त्या यादीत मला एक क्षणही बघवेना.

यादी ताजी झाली. जोडलेल्या यंत्रांत एक नाव वाढलं. आई. सिग्नलची एकच रेघ.

"आईचा लॅपटॉप कुठे आहे?"

चंदा हळू म्हणाली, "तो... इहिरीत हाय, ताई."

"काय?"

"आई गेल्यावर तो आपोआप सुरू व्हायचा... रोज पाच वाजता. बॅटरी काढली, तरी व्हायचा. मले भेव वाटे. तेरव्याच्या दिवशी म्याच टाकला इहिरीत."

विहीर घरामागे, झेंडूच्या वाफ्यांपलीकडे, दोनशे फुटांवर. तिथून एखादी रेघ आली तर येईल, असं मी मनाशी म्हटलं. असं मनाशी म्हणणं किती मूर्खपणाचं होतं, ते म्हणतानाच कळत होतं. दोन महिने पाण्यात पडलेलं यंत्र!

दोन रेघा झाल्या.

कूलर टक टक करत होता. मागच्या दारातून वास येऊ लागला, कुजक्या झेंडूचा आणि विहिरीच्या गार ओलीचा. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली आणि माझ्या हातांवर शहारे आले.

तीन रेघा.

"आत्या..." खुशी कुजबुजली, "मागचं दार लावू काय?"

"नको," मी म्हटलं.

मग चारही रेघा भरल्या. इतका सिग्नल यायचा तर यंत्र राउटरच्या अगदी खालीच पाहिजे. खाली पाट होता, घागर होती. घागरीतलं पाणी त्याच विहिरीचं. कोणी धक्का दिला नव्हता, तरी वरचं खरबूज गरकन फिरलं.

आणि प्रिंटर सुरू झाला.

एकेक कागद निघत होता. अकरा निघाले. हातात घेतला तर गार आणि ओला, पण शाई फुटलेली नव्हती. बोटभर मोठी अक्षरं, मीच करून दिलेली. पहिल्याच कागदावर माझं घरातलं नाव.

'पतू, फोन लावून राहिली. लागत नाई. गोपाल म्हणते नेट नाई.'

'पतू, आजबी नाई लागला. मळ्याचं सांगाचं होतं.'

सहाव्या कागदावर होतं, 'तू रागावली काय माय माह्यावर? काहून रागावली?'

आणि शेवटच्यावर, 'मी काई रागावली नाई. तू येजो.'

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हंबरडा फोडून रडले. ती मला रागावलेली समजली आणि मी तिला. मधे हा माझा भाऊ, एक बटण दाबून निवांत बसलेला. मी डोळे पुसले, हक्कसोडपत्राचे तुकडे करून त्याच्या पुढ्यात टाकले, अकरा ओले कागद छातीशी धरले आणि निघाले. घागरीपाशी मात्र वाकून म्हटलं, "आले गं, आई. उशीर झाला."

आता काल काय झालं ते ऐका.

काल बरोबर अकरा दिवस झाले. पाचाच्या सुमाराला गोपाल या दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. फोन काउंटरवर ठेवला.

"ताई, अकरा दिवस झाले, माहा फोन कोणालेच लागत नाई. वायफाय लागत नाई, दुसरं सीम घेतलं, तेबी लागत नाई. चंदा अन् खुशी घर सोडून तिच्या माहेरी गेल्या. राउटरमंधी पाहिलं तं आमी सगळे ब्लॉक. फक्त एकच नाव चालू हाय." त्यानं हात जोडले. "तू उघडून दे ना मले... माह्या संगं कोणीच बोलत नाई."

"मी नाही बंद केलं. मला उघडताही येणार नाही," मी म्हटलं. आणि उघडता आलं असतं तरी मी उघडलं नसतं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात माझा लॅपटॉप वाजला. पाच वाजले होते. व्हिडिओ कॉल, नाव आई.

गोपालनं काउंटरवरून हात पुढे केला. "दे ताई... एकदाच बोलू दे मले. माफी मांगतो."

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला आणि कॉल उचलला. आईचा चेहरा दिसेल म्हणून माझा जीव डोळ्यांत आला होता. चेहरा नव्हता. पडद्यावर माझंच दुकान होतं, रस्त्याच्या बाजूनं पाहिलेलं. पायरी, काउंटर आणि काउंटरपाशी पाठमोरा उभा गोपाल. चित्र हलत होतं. कोणी यंत्र हातात धरून, म्हाताऱ्या पावलांनी, हळूहळू त्याच्याजवळ जात होतं.

मी मान वर केली. त्याच्या मागे पायरी रिकामी होती. फक्त ओली होती.

"काय म्हणते आई?" गोपालनं विचारलं. "माह्यावर रागावली काय?"

पडद्यावर त्याची मान आता हातभर अंतरावर आली होती. 'गोपाल, सरक' एवढं म्हणायला मला वेळ होता. मी म्हटलं नाही.