ओर्विलकडची दुर्बीण

आमच्या बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याला लोक चर्च एका रविवारात बदलतात, पण कोयोट, म्हणजे इथले रानकोल्हे, मारायची रायफल निवडायला अख्खा हिवाळा घेतात. बातिस्तनं दोन घेतले, आणि तरी ठरलं नव्हतं.

बातिस्त माझा शेजारी, समुद्रापलीकडून आलेला बास्क मेंढपाळ. त्याच्या कळपाची राखण बेल्त्सा करतो. बेल्त्सा म्हणजे त्यांच्या भाषेत काळा. कुत्रा बर्फासारखा पांढरा. कोयोटांनी कोकरं नेली ती नेलीच, वर बेल्त्साची मान फाडली. टाके घालून तो कसाबसा वाचला. कोकरांबद्दल बातिस्त एक शिवी देऊन मोकळा झाला. कुत्र्यासाठी मात्र सरळ ओर्विलच्या बंदुकीच्या दुकानात निघाला. मला बरोबर घेतलं, कारण भांडायला कुणीतरी लागतं.

"हलकी गोळी घे," ओर्विल म्हणाला. "वेगात जाते, कातडं फाटत नाही."

"आणि वारा?" मी म्हणालो. "इथला वारा हलकी गोळी शेजारच्या राज्यात नेऊन टाकतो. जड घे."

"वॉरन, तू कधी कोयोट मारलायस?"

"नाही. पण वारा भरपूर खाल्लाय."

शेवटी मधल्या मापाची ठरली. दोन्ही बाजूंना हरल्याचं समाधान मिळालं. मग रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीवरून जुंपली. फार मोठं करून दाखवणारी घेतली तर कोयोटाच्या पापण्या दिसतात, कोयोट मात्र सापडत नाही. ओर्विलनं कंटाळून कपाटाच्या तळातून एक जुनी काढली.

"ही घे. काच झकास. खोड एकच, परत येते."

"म्हणजे?"

"तिघांनी परत आणून दिली. तिघांचीही एकच तक्रार, फार अचूक आहे म्हणे."

अशी तक्रार असलेली वस्तू बातिस्त सोडणार नव्हता.

नेम जुळवायला आम्ही माझ्या मागच्या कुरणात खोक्यावर कागद लावला. बातिस्तनं दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाला, "या कागदाला आधीच भोक आहे की रे. उजवीकडे, खाली."

चालत जाऊन पाहिलं. कागद कोरा करकरीत. परत येऊन पाहिलं तर दुर्बिणीत भोक. बातिस्तनं काचेतली नेमाची फुली कागदाच्या मध्यावर धरून गोळी झाडली. पुन्हा चालत गेलो. भोक उजवीकडे, खाली, अगदी तिथेच. नवा कागद लावला, तर दुर्बिणीत त्यावरही तेच भोक.

मला अशा वेळी शहाणं कारण शोधायची सवय आहे. काचेवर डाग असेल म्हणून सदऱ्यानं पुसली. पण काचेवरचा डाग बंदुकीबरोबर हलतो. हे भोक नव्या कागदाला चिकटून जागच्या जागी होतं.

नेम चुकला की सगळेच दुर्बिणीवरची कळ फिरवतात आणि पुन्हा गोळी झाडून बघतात. बातिस्तनं कळ टक् टक् फिरवली आणि गोळी न झाडताच भोक डावीकडे सरकलं. वरची कळ फिरवली, ते वर चढलं. फुलीवर येऊन बसलं तशी त्यानं एकच गोळी झाडली. बरोबर मध्यात.

"अरे, काडतुसं वाचली!" बातिस्त आनंदानं ओरडला. मलाही या चमत्कारात काटकसरच जास्त दिसली.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. बातिस्त सकाळी टेकाडावर बसून सशाच्या किंकाळीची पिपाणी वाजवायचा. कोयोट यायचा. खांद्यामागे आधीच भोक दिसलं की बातिस्त चाप ओढायचा आणि कोयोट पडायचा. भोक नसलं तर "जा बाबा, तुझं काही आज नाही," म्हणून बंदूक खाली. कळपातलं एकही कोकरू कमी झालं नाही. बातिस्त गाणी म्हणायला लागला. तेवढाच काय तो त्रास.

पण त्याला एक वाईट सवय लागली. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे रायफलीच्या दुर्बिणीतून बघू नये, हे आमच्याकडे चालता येण्याआधी शिकवतात. हा मात्र माझ्या ओसरीवर बसून मेंढ्या न्याहाळायचा.

"चापाचा खटका काढून ठेवलाय की," तो म्हणायचा. "आता ही नुसती काच."

एका दुपारी त्याचं गाणं मध्येच थांबलं.

"वॉरन, बघ."

बेल्त्सा आमच्याकडे पाठ करून कळपात बसला होता. त्याच्या बरगडीवर गोल, काळं भोक होतं. तो उठला, अंग झाडलं, पुढे गेला. भोकही गेलं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर कुत्रा धडधाकट, पांढरा स्वच्छ. दुर्बीण बंदुकीवरून काढून हातात धरून पाहिलं. भोक होतंच.

"मी मारणार आहे त्याला?" बातिस्तनं विचारलं.

"तू? त्याला टाके घालताना भोवळ तुला आली होती."

"मग कोण?"

 उत्तराऐवजी त्यालाच एक युक्ती सुचली. त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि कळ फिरवली. टक्. टक्.

"सरकतंय!"

त्यानं दुर्बीण माझ्याकडे दिली. भोक बरगडीवरून निसटलं होतं. बेल्त्साच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, पाठीच्या जरा वर ते हवेत थांबलं होतं.

"हवेला लागू दे गोळी," बातिस्त खदाखदा हसला. "हवा काय मरते?"

बेल्त्सा चालला. भोक त्याच्या डाव्या बाजूनं तेवढंच अंतर राखून चाललं, पाळल्यासारखं. तो थांबला, तेही थांबलं. त्यातून पलीकडचं गवत दिसत नव्हतं.

बातिस्तनं बेल्त्साला बोलावून माझ्या ताटातलं सॉसेज भरवलं, त्याच्या कपाळाचे मुके घेतले आणि टोपी डोक्यावर चढवली.

"दुर्बीण राहू दे तुझ्याकडे. उद्या ओर्विलच्या तोंडावर मारू. कुत्रा वाचला, आणखी काय पाहिजे?"

ऊन अजून चांगलं होतं. कुरणातून तो घराकडे निघाला. बेल्त्सानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि त्याच्या उजव्या हाताशी येऊन चालायला लागला.

उजव्या हाताशी. म्हणजे बातिस्त कुत्र्याच्या डाव्या अंगाला.

मी हाक मारली. वारा माझ्या तोंडावर होता. बातिस्तची शीळ मला सुरेल ऐकू येत होती, माझी हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

दुर्बीण माझ्या हातात होती. ती वर उचलायचं हाताला काही केल्या सुचेना.

तेवढ्यात बेल्त्सानं डावीकडे मान वळवून पाहिलं आणि तो थोडा लांब सरकला.

बातिस्त हसला, आणि तेवढाच त्याच्या जवळ सरकला.