पाणकोळ्यांसाठी खणलेला चर

आम्हाला तलावाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन जमीन तोडायची होती. परवानगी नव्हती. वेळ तर त्याहून नव्हता.

त्या टोकाला किनाऱ्यापासून जरा आत एक खडकाळ बेट आहे. तिथे दर वर्षी पाणकोळी घरटी करतात. चोचीखाली पिशवी लोंबणारे, हे एवढाले पांढरे पक्षी! बेटाला चहूकडून पाणी असतं म्हणूनच ते तिथे जमिनीवर बिनधास्त अंडी घालतात. यंदा मात्र कालव्याचं दार दोन महिने आधी उघडलं. पाणी रोज दोन बोटं उतरू लागलं, आणि बेट व किनारा यांच्यामधला चिखल वर यायला लागला. तो पुरता वर आला की कोल्ह्यांना बेटावर चालत जाता येणार होतं. पिल्लं अजून उडण्याजोगी झालेली नव्हती. त्यांना आणखी तीन आठवडे हवे होते.

हे सगळं कळलं ते माझ्या वहिनीमुळे. ती तीस वर्षं मोजणी खात्यात होती. निवृत्त झाल्यावरही तलावाची उंची रोज वहीत लिहायची तिची सवय सुटली नाही. ती वही घेऊन ती तलाव-कचेरीत गेली, तेव्हा मी सोबत होतो. पंखा गरगरत होता, टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत होते. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"हंगाम संपला की पाहणी करू," ते म्हणाले. "बाई, निसर्गाला त्याचं काम करू द्या."

"कालव्याचं दार निसर्गानं उघडलं का?" वहिनीनं विचारलं.

कोपऱ्यातल्या कारकुनाला खोकल्याची उबळ आली. हसू दाबण्याची ती त्याची रीत होती, हे मला नंतर कळलं.

बाहेर पडताना वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, तुमची होडी चालू आहे ना?"

मी धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. माझी स्वतःची होडी मात्र सहा महिने उलटी पडून होती. रात्रीत तिला उभं केलं. पहाटे चार फावडी, दोन घमेली, तीन फळ्या, पाण्याचे कॅन आणि गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी होडीत भरत होतो, तेवढ्यात कारकून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

"तुम्हाला नाही म्हणायचं पत्र कालच मी टाइप केलं," तो म्हणाला. "रात्रभर डोळा लागला नाही. मला फावडं धरता येत नाही, पण शिकेन."

"रजा टाकलीत का?" वहिनीनं विचारलं.

"आजारपणाची."

"मग बसा. आजारी दिसायला संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

पहिले दोन तास तलाव आरशासारखा होता. पाणकावळे खुंटांवर पंख वाळवत बसले होते. जिथे पूर्वी होडी बुडेल एवढं पाणी असायचं, तिथे आता शेवाळाची हिरवी चटई पसरली होती. तिच्यातून जाताना इंजिन एकदम किंचाळलं. थांबलं! मी मागं वाकून पाहिलं, तर पंख्याला कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं गच्च गुंडाळलेलं. पाण्यात उतरलो आणि सुरीनं एकेक धागा कापला. वर आलो तर पंख्याची पिन तुटलेली! दुसरी पिन नव्हती. शेवटी कारकुनाच्या डब्याच्या कडीचा दांडा काढला, ठोकून सरळ केला आणि बसवला.

"डबा उघडाच राहणार आता," कारकून म्हणाला.

"तर मग खाऊनच टाकू," वहिनी म्हणाली. आम्ही तिथेच डबा संपवला.

बेटाकडे जाणाऱ्या चिखलाच्या पट्टीपासून दोनशे पावलांवर होडी टेकली. पुढं चालायचं म्हटलं तर पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. मी फळ्या टाकल्या. एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढं सरकवायची, तिसरीवर सामान ओढायचं. अर्ध्या वाटेत कारकुनाचा तोल गेला. बघता बघता तो कमरेपर्यंत आत!

"हलू नका!" वहिनी ओरडली. "पाय मारू नका! मागं रेला, पाठीवर झोपा!"

तो झोपला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. मी फळीवर पोटावर सरपटत त्याच्यापर्यंत गेलो, काखेत हात घातले आणि ओढू लागलो. चिखल सोडायला तयार नव्हता. माझ्या नाकी नऊ आले. अखेर भस्सकन आवाज झाला आणि तो बाहेर आला. एक बूट आतच राहिला.

"परत जायचं?" मी विचारलं.

तो दुसरा बूट काढून फेकत म्हणाला, "एका बुटानं कसा जाऊ? आता अनवाणीच पुढं."

पट्टीवर पोचलो आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनीच्या हिशेबानं चिखल वर यायला अजून चार दिवस होते. तो आधीच वर आला होता, वीतभर! कालव्याचं दुसरंही दार उघडलं असणार. आणि त्या ओल्या चिखलावर पावलांच्या ठशांची माळ होती. बेटाकडे गेलेली. परत आलेली.

वहिनीच्या दुर्बिणीतून बेटाची कड दिसत होती. काठाची पंधरावीस घरटी विस्कटलेली, पिसं वाऱ्यावर उडत होती. त्यामागं मात्र शेकडो पक्षी एकमेकांना खेटून बसले होते. आईबापांच्या चोचीत डोकी खुपसणारी राखाडी पिल्लं दिसत होती. आतल्या घरट्यांना अजून धक्का लागला नव्हता.

वहिनीनं दुर्बीण खाली ठेवली. मग पदर खोचून म्हणाली, "काल आले, म्हणजे आजही येणार. उजेड मावळायच्या आत हा रस्ता मोडायचा."

तिची योजना अशी होती. पट्टीच्या पश्चिमेला मोठा तलाव, पूर्वेला त्याचीच लहानशी खाडी. रोज दुपारनंतर वारा सुटतो आणि तलावाचं पाणी ढकलत पट्टीपाशी आणतो. पश्चिमेचं पाणी वीतभर चढतं, खाडीचं तेवढंच राहतं. आम्ही फक्त एक अरुंद चर खणायचा. पुढचं काम पाण्यानं करायचं.

"आणि वारा आलाच नाही तर?" कारकुनानं विचारलं.

"एकोणीस वर्षं या दिवसांत आलाय."

तिनं नळीत पाणी भरून उंची पाहिली आणि सर्वांत सखल रेघ आखली. पस्तीस पावलं लांब. आम्ही खाडीच्या टोकापासून सुरुवात केली. खणलं की कडा ढासळायची, ढासळली की पुन्हा खणायचं. कारकुनाच्या तळहातांना फोड आले, फुटले. त्यानं शर्टाची बाही फाडून गुंडाळली आणि पुन्हा फावडं उचललं. त्याला खरंच फावडं धरता येत नव्हतं. पण सोडताही येत नव्हतं!

सतराव्या पावलावर ठण्ण!

दगड. मी दोन्हीकडे टोचून पाहिलं. चिखलाखाली अख्खा खडक पसरला होता.

"संपलं," मी फावडं टाकलं. "इथे सुरुंग लागेल."

"कुणी सांगितलं संपलं?" वहिनीनं नळी उचलली. "सरळ जात नाही तर वाकडे जाऊ. भावजी, उठा! साहेबांसारखी सबब हवीय का तुम्हालाही?"

ते लागलं मला. उठलो. तिनं खडकाला वळसा घालणारी नवी रेघ आखली. आणखी बारा पावलं वाढली.

ऊन कलतं झालं आणि गालाला वारा लागला. पश्चिमेकडून! लाटा पट्टीवर चढू लागल्या. चराच्या तलावाकडच्या तोंडाशी आम्ही भिंत राखली होती, ती सोडून सगळा चर गुडघाभर झाला होता. फक्त खडकाजवळचा भाग उथळ होता.

तेवढ्यात कारकून कुजबुजला, "आले."

किनाऱ्याच्या गवतातून पाच कोल्हे बाहेर पडले. बरगड्या मोजून घ्याव्यात असे. तलाव आटला तसे त्यांचे मासे-खेकडेही गेले होते. ते आम्हाला बघून थबकले, मग फाकून दोन्ही कडांनी पुढं येऊ लागले.

मी घमेलं उचललं, त्यावर फावडं हाणणार, इतक्यात वहिनीनं माझं मनगट पकडलं.

"आवाज नाही! पक्षी एकदम उडाले तर पिल्लं तुडवली जातील. अंधारात आईबाप परततील की नाही कोण जाणे."

"मग करायचं काय?"

"उभं राहायचं. बेट आपल्या पाठीशी आहे, एवढं ध्यानात ठेवायचं. भावजी, तुम्ही भिंत फोडा. या दोन्ही बाजू आम्ही धरतो."

मी किनाऱ्याच्या कडेनं चराच्या तोंडाशी धावलो. चराच्या पुढं एका बाजूला साठीची बाई, दुसऱ्या बाजूला अनवाणी कारकून, दोघांच्या हातात आडवी फावडी. एक शब्द नाही. सर्वांत मोठा कोल्हा कारकुनापासून दहा पावलांवर आला. दात दाखवले. गुरगुरला.  कारकून मागं सरला नाही. उलट एक पाऊल पुढं टाकलं! आणखी एक! कोल्हा तेवढाच मागं झाला, पण गेला नाही.

मी भिंतीवर घाव घातला. दुसरा. तिसरा. पाणी आत घुसलं! चरातून पळत सुटलं, खडकाच्या वळणापर्यंत गेलं आणि थांबलं. कडा ढासळून बोळा बसला होता.

"वळणावर!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

कारकून जवळ होता. त्यानं फावडं टाकून चरात उडी घेतली आणि दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला, कुत्रं जमीन उकरतं तसा. ओणव्या छातीला पाणी लागलं. मोठा कोल्हा मोकळी वाट पाहून झेपावला. वहिनी वळली, फावड्याचं पातं त्याच्या नाकापुढं सप्पकन चिखलात रोवलं. कोल्हा जागच्या जागी गरकन फिरला.

मी धावत वळणाशी पोचलो, आणि बोळा सुटला!

पाण्यानं हुंकार दिला. कारकून वाहून जाताना मी त्याची कॉलर धरली आणि दोघंही किनाऱ्याच्या बाजूला आपटलो. डोळ्यांदेखत चर हातभर झाला, मग माणूसभर, मग होडीभर. चिखलाची ढेकळंच्या ढेकळं सुटून खाडीकडे चालली. आमच्या पायाखालची जमीनही कापली जाऊ लागली.

"पळा!"

फळ्या, फावडी, काय हाती लागेल ते घेऊन आम्ही होडीकडे सुटलो. चढलेल्या पाण्यानं ती आता मोकळी तरंगत होती, नांगराचा दोर ताणून. आम्ही कसेबसे आत पडलो. कोल्हे काठावर आले. मोठ्यानं पाण्यात पाय घातला, धारेनं तो ओढला, तसा झटकून काढून घेतला. बराच वेळ पलीकडे बघत उभा राहिला. मग सगळे गवताकडे निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. भूक त्यांनाही होती, आणि तीही त्याच दारानं आणली होती.

सकाळी मी होडी नव्या पाण्यावर नेली. वहिनीनं फावड्याचा दांडा बुडवला. तळ लागला नाही. पाणी पंचवीस पावलं रुंद झालं होतं.

"बेटावर उतरून एकदा बघायचं का?" कारकुनानं आशेनं विचारलं. "पिल्लू जवळून पाहिलं नाही कधी."

"आपण उतरलो तर कोल्ह्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?" वहिनी म्हणाली. तिचीही नजर तिकडेच लागली होती. मी होडी वळवली.

बाविसाव्या दिवशी आम्ही लांबूनच मोजणी केली. चारशे अकरा पिल्लं पाण्यावर उतरली होती, आणि काही धडपडत हवेत.

त्याच आठवड्यात कचेरीनं तिघांना बोलावलं. साहेबांनी छापील फॉर्म पुढं सरकवला. त्यात एकच मोठा रकाना रिकामा होता: "सदर खोदकाम कोणाच्या परवानगीने केले?"

"माफी लिहा, म्हणजे प्रकरण इथेच मिटेल," साहेब म्हणाले. "यांची तर नोकरीही वाचेल."

वहिनीनं पेन उघडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "कोणाच्याही नाही." खाली सही केली. मी केली. मग कागद कारकुनापुढं गेला. तळहातावरचे फोड अजून पुरते भरले नव्हते. त्यानं साहेबांकडे पाहिलं, खोकला नाही, आणि मावेल तेवढी मोठी सही ठोकली.