डावीकडून आवाज येत नाही

"मालकीणबाई, तुमचं कार्ड मुकं निघालं!"

पेइ-यिंगने मान वर केली. तैपेईच्या त्या बाजारात तळहाताएवढे संगणक आणि त्यांवर बसवायची आवाजाची कार्डं विकणारा तिचा गाळा होता. समोर ओली छत्री घेऊन उभा होता त्सुंग-हान. मामाच्या बाहुल्यांच्या खेळात संगणकावरून संगीत वाजवणारा.

"मुकं नाही हो. तुम्ही त्याची ओळखच करून दिली नाहीत." तिने संगणकाचा मूळचा आवाज बंद केला, सेटिंगमध्ये कार्डाच्या नावाची एक ओळ लिहिली आणि तो पुन्हा चालू केला. हेडफोनमध्ये झांजा खणखणल्या.

"ओळख झाली की लगेच बोलायला लागतं?"

"कार्डाबद्दल बोलतेय मी."

"मग मी कशाबद्दल...?"

पुढच्या आठवड्यात तो पेरूच्या फोडी घेऊन हजर. "कालपासून डावीकडून आवाज येत नाही."

तिने कार्ड पिनांवर नीट दाबलं, वायर बदलली, स्वतः ऐकलं. दोन्हीकडून स्वच्छ! तिने हसत हेडफोन उलटा करून त्याच्या डोक्यावर चढवला. "आता उजवीकडून येणार नाही, बघा."

"नाही... अजूनही डावीकडूनच येत नाही."

तिची बोटं थबकली. कार्ड ठणठणीत होतं. म्हणजे त्याचा कान—

"बरं झालं बिघडलं," तो हळूच म्हणाला. "नाहीतर यायला निमित्त काय होतं?"

ओठांवर आलेले शब्द तिने गिळले. "दुसरं कार्ड मागवते. या पुढच्या आठवड्यात."

तो आला. पुन्हा आला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. नदीकाठी फिरताना ती आपसूक त्याच्या उजव्या बाजूने चालायची. उद्या सांगू, असं रोज ठरवायची.

मग एकदा डावीकडून आलेली स्कूटर त्याला ऐकूच आली नाही. थोडक्यात वाचला, आणि डॉक्टरकडे गेला.

"लगेच आला असतास तर औषधाने कदाचित कान बरा झाला असता, म्हणाले," तो गाळ्यावर येऊन सांगत होता. "मामाने माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय. आणि मी वेडा, तुझ्या कार्डांना नावं ठेवत बसलो!"

गप्प राहिली असती तर त्याला कधीच कळलं नसतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"हेडफोन उलटा घातला ना... तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कार्डात बिघाड नाही म्हटलं असतं, तर... तू यायचा थांबला असतास."

"पेइ-यिंग," त्याचा आवाज फाटला, "मी कार्डासाठी येतच नव्हतो गं."

तो जिन्याकडे वळला. तिने हाक मारली. एका पायरीवर तो थांबला. म्हणजे हाक ऐकू गेली होती...

मग तो खाली उतरून गेला.