चार आत, तीन बाहेर

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. खरं सांगूनही आजवर काही मिळालेलं नाही. तरी सांगतो, कारण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय आणि अजून संपलेलं नाही.

काळोखी रात्र, ओसाड बंगला असलं काही शोधत असाल तर ते यात नाही.

बुधवार होता. दुपारचे साडेतीन. ऊन असं की ओलं फडकं पत्र्यावर टाकलं तर दहा मिनिटांत कडक व्हावं.

पाण्याची भीती वाटावी अशी वेळच नव्हती ती.

काका गाड्या धुण्याच्या केंद्रात कामाला होते. पेट्रोल पंपामागची पत्र्याची लांब शेड. पुढे गाडीला फेस लावायचे, मधे आतली सफाई, आणि शेवटी भिंतीला लागून काकांचं मशीन. गाडीत पायाखाली असतात त्या मॅट धुऊन वाळवायचं.

आडवं निजवलेल्या कपाटाएवढं ते धूड. एका बाजूनं मॅट सरकवायची. आत ब्रश फिरतात, पाण्याचे फवारे बसतात, मग दोन रबरी रूळ तिला पिळून काढतात आणि वरून गरम हवा. मिनिटभरात मॅट दुसऱ्या बाजूनं बाहेर. कोरडी, हाताला कोमट.

काका मॅट मोठ्यानं मोजायचे. आत जाताना "एक... दोन... तीन... चार." बाहेर येताना पुन्हा तसंच. एकाची मॅट दुसऱ्याच्या गाडीत गेली की भांडणं होतात, म्हणून ही सवय. सगळे त्यांना हजेरीमास्तर म्हणायचे.

बाहेर आलेल्या प्रत्येक मॅटवर ते तळहात ठेवून बघायचे. वीस वर्षांत त्यांनी कुणाला ओली मॅट दिली नव्हती. त्याचा त्यांना भारी तोरा होता.

माझी काकू घरोघरी जाऊन आजारी माणसांना इंजेक्शनं द्यायची, जखमांच्या पट्ट्या बदलायची. जुनी लहान गाडी आणि दिवसाला आठ-दहा घरं. जिभेची फटकळ, पण हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर पेशंट विचारायचा, कधी टोचणार?

तिच्या गाडीतली ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट टाचेपाशी झिजून फाटली. तिला त्याचं काही नव्हतं. काकांचा मात्र जीव खालीवर व्हायला लागला. फाटकी कड पेडलखाली अडकली तर ब्रेक लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शेडमध्ये एक दांडी होती. विसरलेल्या मॅट तिच्यावर लटकवायच्या. महिनाभर कुणी न्यायला आलं नाही तर ज्याला लागेल त्यानं घ्यावी, असा तिथला रिवाज. दांडीवर एक काळी, जाड मॅट होती. महिना उलटून गेला होता. काकांनी मापून पाहिली. काकूच्या गाडीत अगदी चपखल बसत होती.

ती कुणाच्या गाडीतली, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

चूक झाली ती एवढीच.

गाडीत टाकण्याआधी त्यांनी ती मशीनमधून काढली. मॅट बाहेर आली, त्यांनी तळहात ठेवला...

गार होती.

ओली आणि गार. पुन्हा घातली, पुन्हा तेच. काका म्हणाले, जाड आहे, वेळ लागत असेल. उन्हात टाकली, वरून सुकल्यासारखी वाटली आणि गाडीत गेली.

दोन-तीन दिवसांनी काकू कुरकुरली, "अहो, गाडीत पाणी कुठून येतंय? माझे पाय ओले होतात."

मेकॅनिकनं सगळं तपासलं. त्याला कुठेच काही सापडलं नाही.

आता तो बुधवार.

दर बुधवारी काकू जेवणानंतर गाडी धुवायला आणायची. त्या दिवशीही आणली. चार वाजता तिला कालव्यापलीकडच्या एका म्हाताऱ्या पेशंटकडे पोचायचं होतं.

काकांनी मॅट आत सरकवल्या. "एक... दोन... तीन... चार." काळी मॅट शेवटी.

बाहेर आली एक. मग दुसरी. मग तिसरी.

मग...

काहीच नाही.

मशीन चालू होतं. रूळ फिरत होते. काकांनी मिनिटभर वाट पाहिली, लाल बटण दाबलं आणि वरचं झाकण उचललं.

आत ब्रश होते, रूळ होते.

मॅट नव्हती.

त्यांनी मशीनच्या खाली पाहिलं. मागे पाहिलं. भिंतीच्या फटीत काठी घालून पाहिली.

काकू हसली. "काय हजेरीमास्तर, पोरगं पळालं का वर्गातून?"

"अगं, आत्ता घातली. तुझ्यासमोर घातली."

"राहू द्या. एका मॅटवाचून गाडी अडत नाही. मला उशीर होतोय."

ती गेली. काकांनी मला नंतर सांगितलं, तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. गेली ती बला, असं मनात आलं होतं.

आतली सफाई करणारी आक्का सगळं बघत होती. हात पुसत ती जवळ आली.

"कुठली मॅट हरवली?"

"ती दांडीवरची काळी. महिन्यापूर्वी हिच्या गाडीत टाकली होती."

आक्काच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ती तुम्ही घरच्या गाडीत घातलीत?"

"का?"

"तुम्ही तापानं घरी होतात ना, त्या आठवड्यात कालव्यातून काढलेली गाडी आली होती. ती आणणाऱ्यांना आतून धुऊन विकायची होती. चालवणारा माणूस... तीन दिवस आतच होता, मास्तर. दारं उघडलीच नव्हती. काचेवर आतून हाताचे ठसे होते, ते मीच पुसले." तिनं पदर तोंडाशी धरला. "बदलीवरच्या माणसाला मी म्हटलं होतं, ही मॅट फेकून दे. तो म्हणाला, वाळली की फेकतो. ती काही वाळली नाही."

तेवढ्यात...

ठक. ठक. ठक.

काका वळले. मशीन बंद होतं. त्यांनी स्वतः बंद केलं होतं.

ठक. ठक. ठक.

आतून. पत्र्यावर वाजतो तसा नाही, काचेवर वाजतो तसा आवाज. त्या मशीनला काच कुठेच नाही.

काकांनी फोन लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तिसऱ्यांदा काकूनं उचलला.

"अहो, गाडी चालवतेय. लवकर बोला काय ते."

"कुठे आहेस तू?"

"कालव्याच्या रस्त्याला."

"गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता थांब."

"काय झालं? आणि काय हो, मॅट परत कधी टाकलीत? आत्ता बघितलं तर पायाखाली आहे. ओलीच ठेवलीत. कुठे गेला तो तुमचा वीस वर्षांचा तोरा?"

काकांनी वळून बंद मशीनकडे पाहिलं.

"अहो? ऐकताय ना?"

"उतर. गाडीतून खाली उतर. मी पाया पडतो तुझ्या, उतर."

"बरं बाई, थांबवते... अहो... हे काय... ब्रेक खाली जात नाहीये... पायाखाली काहीतरी... अहो..."

मग तिचा आवाज आलाच नाही.

फोन चालू होता. त्यातून पाण्याचा आवाज येत होता. हौद भरताना येतो तसा. अगदी सावकाश.

काका ओरडत होते. नुसतेच ओरडत होते. दुसरं करणार तरी काय? ती कालव्याशी आणि हे इथे, हातात फोन घेऊन.

मग फोनमधून आलं... ठक. ठक. ठक.

आणि त्याच क्षणी मशीनमधूनही.

आक्कानं दोन्ही आवाज ऐकले. मी तिला स्वतः भेटून विचारलंय. ती आता ते काम सोडून बसलीये.

बंद मशीनचे रूळ फिरायला लागले. गर्र... गर्र... पलीकडच्या बाजूनं काळी मॅट हळूहळू बाहेर आली आणि फळीवर पडली.

काकांच्या तोंडून आपसूक निघालं, "चार."

त्यांनी तळहात ठेवला.

कोरडी होती. कोमट होती.

आक्काच्या स्कूटरवरून दोघं कालव्यापाशी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. गाडी काठावर उभी होती. पुढचं एक चाक अर्धं बाहेर, इंजिन चालू, काचा बंद. टायरखालची माती खडखडीत कोरडी. गाडी पाण्यात गेलीच नव्हती.

आत काकू बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

काकांनी दार ओढलं. आतून लॉक होतं. हाका मारल्या, काच बडवली. तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पण अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग हात उचलून आतून काचेवर टकटक केली.

तीनदा.

काकांनी दगडानं मागची काच फोडली, हात घालून दार उघडलं आणि तिला बाहेर ओढलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तिच्या पायाखाली मॅट नव्हती, नुसता पत्रा होता. पावलं मात्र घोट्यापर्यंत ओली होती. आणि सुरकुतलेली. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी.

रस्त्याच्या कडेला बसवल्यावर तिनं विचारलं.

"किती दिवस झाले?"

तिला आता त्यातलं काही आठवत नाही. "चक्कर आली असेल," एवढंच म्हणते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या.

मॅट काकांनी कापून जाळली. लगेच पेटली. कोरडी होती ना.

आता त्यांना वाटतं की जाळायला नको होती. मॅट होती तोवर ते जे काही होतं ते मॅटमध्ये तरी होतं.

कारण काकूचे पाय वाळत नाहीत.

पुसले की मिनिटभरात तळव्यांना पाणी. मोजे घातले तर मोजे भिजतात. ती हसण्यावारी नेते, "वयानुसार घाम येतो हो." काका रोज दुपारी तिच्या पायाशी बसतात. टॉवेल इस्त्रीनं गरम करतात, एकेक बोट पुसतात, मग तळव्यावर हात ठेवून बघतात.

गारच लागतो.

"वीस वर्षं जगाच्या मॅट वाळवल्या रे," ते मला म्हणाले, "आणि हिचे दोन पाय वाळवता येत नाहीत मला." एवढा धट्टाकट्टा माणूस, पण लहान पोरासारखा रडला. मी पाठीवर हात ठेवण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

गेल्या रविवारी गेलो होतो. काकूनं दार उघडलं, चेष्टा केली, चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे फरशीवर ओले ठसे उमटत गेले.

काका लगेच उठले, फडकं घेऊन एकेक ठसा पुसायला लागले. मीही वाकलो मदतीला. एका ठशाशेजारी माझं पाऊल ठेवलं गेलं...

काकूचं पाऊल लहान आहे. तिला चपला लहान मुलींच्या मापाच्या घ्याव्या लागतात.

तो ठसा माझ्या पावलापेक्षा मोठा होता.

मी वर पाहिलं. काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि पुढचा ठसा पुसायला लागले.