चार वाजताचा ठिपका

त्यांची ओळख मुंग्यांनी करून दिली. तो नदीकाठचा वनरक्षक. बंद पडलेला सेन्सर घेऊन आला आणि त्याचा डबा थेट तिच्या टेबलावर उघडला. पुढची दहा मिनिटं दोघं की-बोर्डातून मुंग्या झटकत होते.

"यांनाही तुमच्या जाळ्यात घ्या की, मॅडम!"

तिला हसू आवरलं नाही...

जाळं तिचंच होतं. काठावरचे दोनशे सेन्सर पाणमांजरांची चाहूल एकमेकांकरवी नियंत्रण खोलीत पोचवायचे. शिकारीही त्या संदेशांचा माग काढत बिळापर्यंत जायचे, म्हणून ती खऱ्यात खोटे संदेश मिसळायची. रक्षकांच्या वॉकीटॉकीची जागाही झाकलेली. ती जागा बघायची तर पासवर्ड टाकायचा, कारण लिहायचं, आणि त्याची नोंद दर सोमवारी साहेबांपुढे जायची. नियम तिनेच घातलेला.

आणि तिनेच मोडला. साहेब चार वाजता चहाला उठले, की पासवर्ड न टाकता ती हळूच नकाशावर त्याचा ठिपका शोधायची. ठिपका रोपवाटिकेत. दुसऱ्या दिवशी चारला – रोपवाटिकेत. सलग आठ दिवस!

रोपवाटिकेत लांब वेणीची एक हसरी मुलगी काम करायची. आता त्या वेणीनेही तिच्या जिवाचा तिळपापड होऊ लागला.

नवव्या दिवशी तो बॅटऱ्या न्यायला आला.

"रोपं बरी आहेत ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"कुठली रोपं?"

"साळसूदपणा पुरे. रोज चार वाजता कुठे असता तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला... कळलं?"

"रोपवाटिकेत! आठ दिवस बघतेय मी."

तो गोंधळला. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं. "पासवर्ड टाकून?"

तिने बॅटऱ्या मोजायला घेतल्या.

"म्हणजे चोरून! अहो, चोरून बघणाऱ्याला खोटी जागा दिसते, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. माझ्या नावापुढे रोपवाटिका तुम्हीच भरलीत. सकाळी नऊला बघितलं असतंत तरी मी तिथंच दिसलो असतो!"

मागच्या वर्षी घाईघाईत भरलेली खोट्या जागांची ती यादी... आठ दिवस ती स्वतःच उभ्या केलेल्या सवतीवर जळत होती!

"मग चार वाजता असता कुठे?" तिचा आवाज बारीक झाला.

"सांगणार नाही. बघा. या वेळी रीतसर."

तिने पासवर्ड टाकला. कालचे चार, परवाचे चार... ठिपका एकाच जागी. याच इमारतीमागच्या पायरीवर – तिच्या खिडकीखाली.

"आत का नाही आलात?"

"काय सांगून येणार? त्या मुंग्यांनंतर तुमचे सेन्सर मेले बिघडतच नाहीत..."

पडद्यावर 'बघण्याचं कारण' हा रकाना लुकलुकत होता. तो रिकामा ठेवता येत नसे. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि खरं तेच लिहिलं.

तिच्या खांद्यावरून त्याने ते वाचलं. "मॅडम... सोमवारी साहेब हे वाचतील."

"वाचू देत," ती म्हणाली. "आणि मॅडम काय म्हणतोस रे?"